कासवांची राखण

(रात्रीच्या वर्गापुढे एका भगिनीने केलेले भाषण)



गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही रोज पहाटे पुळणीवर जाता. तिथे काय काम करता ते वर्गाला सांगा." मी म्हटले, "मला भाषण येत नाही." गुरुजी म्हणाले, "भाषण करू नका, काम सांगा." म्हणून उभी राहिले आहे. हातात कागद आहे. त्यावर चार ओळी लिहून आणल्या आहेत. बाकीचे आठवेल तसे सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

तुम्ही आज जिथे बसला आहात तिथेच मीही काही वर्षांपूर्वी बसत होते. त्या खांबाजवळ, भिंतीला पाठ लावून. म्हणजे डुलकी लागली तर कुणाला दिसत नाही. हसू नका, तुमच्यातले तिघे आत्ता तिथेच बसले आहेत.

माझे काम म्हणजे कासवांच्या अंड्यांची राखण. याला पगार नाही. "मग जातेस कशाला?" असे शेजारणी विचारतात. त्यांना मी काय सांगते ते पुढे येईलच. आधी कासव कोणते ते सांगते.

विहिरीत, तळ्यात असते ते हे कासव नव्हे. हे समुद्रातले. त्याला ऑलिव्ह रिडले म्हणतात. हे नाव जिभेवर बसायला मला आठ दिवस लागले. पाठ हिरवट करडी, लांबी दोन-सव्वादोन फूट, वजन सुमारे चाळीस किलो. म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून थोडे कमी. त्याला आपल्यासारखे पाय नसतात. वल्ह्यांसारखे चार अवयव असतात. पाण्यात ते वाऱ्यासारखे जाते, वाळूवर मात्र ओझे ओढल्यासारखे सरकते. नर एकदा समुद्रात गेला की सहसा पुन्हा जमिनीवर येत नाही. मादी येते, तीही अंडी घालण्यापुरती.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ती थंडीत येते. बहुतेक रात्रीच येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत जागा पाहते. मागच्या दोन वल्ह्यांनी खड्डा काढते. एक वल्हे वाळू उचलते, दुसरे बाजूला सारते. खड्डा दीड फूट खोल. तोंड अरुंद, पोट रुंद, अगदी गाडग्यासारखा. डोळ्यांनी न पाहता, पाठमोरी राहून ती हे करते. आपल्याला फावडे देऊन सांगितले तर इतका नेटका खड्डा जमणार नाही. मला अजून जमत नाही.

मग ती अंडी घालते. शंभर, सव्वाशे. पांढरी, गोल, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते, चामड्यासारखे मऊ असते. अंडी घालून झाली की वाळू लोटते आणि अंगाने दोन्ही बाजूंना डोलत ती वाळू चोपते. धप, धप, धप. आपण चोपण्याने खळे चोपतो ना, तसे. शांत रात्र असली तर हा आवाज सुरूच्या बनापर्यंत येतो. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी गळत असते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, ती रडते. खरे कारण निराळे आहे. समुद्रात राहून तिच्या पोटात मीठ फार जाते. ते जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून पाण्याबरोबर बाहेर पडते. हे मला वनखात्याच्या माणसाने समजावून सांगितले. पण खरे सांगू? पहिल्यांदा पाहिले तेव्हा मीठबीठ काही सुचले नाही. मलाही रडू आले.

सगळा कारभार तासाभरात उरकतो. ती मागे वळून पाहत नाही. सरळ पाण्यात जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे कधीच येत नाही.

तुम्ही कीर्तनात ऐकले असेल. संतांनी म्हटले आहे की कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही. ती नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते. फार गोड कल्पना आहे. माझ्या आईला ती फार आवडे. देवळात देवापुढे दगडी कासव असते. त्याला नमस्कार केल्याशिवाय आई पुढे जात नसे. पण आपल्या समुद्रातल्या कासवीने पिलांचे तोंडही पाहिलेले नसते. पिले वाळूतून वर येतात तेव्हा ती शेकडो मैल दूर गेलेली असते. मग त्या अंड्यांवर दृष्टी कुणाची असते? कोल्ह्याची असते. कुत्र्याची असते. आणि माणसाची असते.

आता जे सांगणार आहे ते आमच्या घरातलेच आहे. माझे सासरे, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, अंडी काढण्यात एक नंबर होते. त्यांच्याकडे एक काठी होती. अजून आहे. पहाटे पुळणीवर कासवीच्या येण्याजाण्याचा माग दिसतो. ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखा. माग जिथे वळतो तिथे तात्या काठी हलकेच टोचीत. वाळू घट्ट लागली तर पुढे जात. काठी एकदम सैल आत गेली की खाली खड्डा. मग हाताने उकरायचे. अंडी घरी खायची, उरलेली विकायची. गरिबी होती. मासळी मिळाली नाही त्या दिवशी चूल पेटवायला तेवढाच आधार. त्या काळी याला कुणी वाईट म्हणत नव्हते. तात्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही, म्हणून मीही लपवत नाही. आज ते इथे शेवटच्या बाकावर बसले आहेत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. या कासवाला मारणे, त्याची अंडी काढणे, विकणे हा गुन्हा आहे. तुरुंगवास होतो. पण कायदा दिल्लीत झाला आणि अंडी आमच्या पुळणीवर. कायद्याची बातमी आमच्या गावात पोचायला तीस वर्षे लागली म्हणा ना!

गोष्ट बदलली ती वेळासपासून. मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास गाव आहे. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचे हे गाव. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची माणसे किनाऱ्याने हिंडत होती. ती आली होती समुद्री गरुड पाहायला. त्यांना कळले की इथे कासवे अंडी घालतात आणि अंडी माणसे घेऊन जातात. त्यांनी गावकऱ्यांशी बोलणे केले. ग्रामपंचायत बरोबर आली. पहिल्याच हंगामात त्यांनी ५० घरटी राखली आणि २,७३४ पिले समुद्रात सोडली. वनखातेही या कामात आले. पुढे वेळासला कासव महोत्सव भरू लागला. मुंबई-पुण्याची माणसे पिले पाहायला येऊ लागली. ती गावातल्याच घरांत उतरतात, गावातल्याच बायकांच्या हातचे जेवतात. मी एकदा तिथे गेले होते. एका घरी आमटीभात आणि सोलकढी जेवले. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "पूर्वी कासव आले की एका घराचे पोट एक दिवस भरायचे. आता कासव आले की अख्ख्या आळीला काम मिळते." हे बोलणे मी आमच्या गावात येऊन सगळ्यांना सांगितले. कायद्याने जे पटले नाही ते या एका वाक्याने पटले.

वेळासच्या मागून आंजर्ले, केळशी, दिवेआगर, गुहागर आणि खाली सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांपर्यंत हे काम पोचले. आमच्या छोट्या गावातही आले. वनखात्याचा एक माणूस आला. त्याने विचारले, "गावात अंडी सर्वांत चांगली कुणाला सापडतात?" सगळे गप्प. कुणी नाव घेईना. मग तात्याच उठले आणि म्हणाले, "मला." त्या माणसाने त्यांना पकडले नाही. तो म्हणाला, "मग उद्यापासून तुम्ही आम्हांला शोधून द्या." चोराच्या हाती किल्ल्या, असे लोक म्हणाले. म्हणू द्या. काठी तीच, पुळण तीच, माणूस तोच.

आता कामाचे सांगते.

पहाटे चारच्या सुमारास पुळणीवर निघायचे. उजाडण्याआधी पोचावे लागते. कारण कुत्री आपल्याआधी उठतात. बॅटरी बरोबर असते, पण ती लावायची नाही. कासवी वर येत असली आणि उजेड दिसला, तर ती अंडी न घालताच परत फिरते. चांदण्यात चालायचे. नजर बसते हळूहळू. माग सापडला की तात्या काठी टोचतात. खड्डा सापडला की आधी पाहायचे, जागा सुरक्षित आहे का. खरे म्हणजे अंडी आईने घातली तिथेच राहू द्यावीत. ते सर्वांत चांगले. पण आमच्या पुळणीवर कुत्री फार आणि उधाणाचे पाणीही वर येते. म्हणून आम्ही ती उचलून जाळीच्या कुंपणात नेतो. या कुंपणाला सगळे हॅचरी म्हणतात, मीही तसेच म्हणते.

अंडी उचलायची रीत आहे. ऊन चढायच्या आत उचलायची. जेवढे लवकर तेवढे बरे. अंडे हातात फिरवायचे नाही, उलटे करायचे नाही. ज्या बाजूने वर होते तीच बाजू वर. कारण काही तासांनी आतला जीव कवचाला वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडे उलटले तर तो मरतो. बादलीत त्याच खड्ड्याची ओली वाळू घालायची, अंडी मोजत ठेवायची. हॅचरीत तेवढाच खोल, तसाच गाडग्यासारखा खड्डा करायचा. अंडी त्यात ठेवायची, वर तीच वाळू. मग पाटी लावायची. पाटीवर खड्ड्याचा नंबर, अंड्यांची संख्या आणि तारीख.

वाळूची ऊब हीच त्यांची आई. ऊब कमी असली तर नर जास्त होतात, ऊब जास्त असली तर माद्या जास्त. फारच तापली तर अंडी मरतात. म्हणून फाल्गुन-चैत्रात आम्ही वर सावलीची जाळी बांधतो. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिले बाहेर येतात. खड्ड्यातली वाळू आधी थोडी खचते. खळगी पडते. मग एक डोके, दोन डोकी, आणि बघता बघता भांड्यातून दूध उतू जावे तशी सगळी वर येतात. काजूच्या बोंडाएवढे एकेक, काळपट. त्यांना समुद्रापासून दहा-वीस पावलांवर ओल्या वाळूत सोडायचे. पाण्यात टाकायचे नाही. चालत त्यांनीच जायचे. ती उजेडाकडे जातात. रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ दिसतो, म्हणून ती तिकडे वळतात. पण किनाऱ्यावर हॉटेलचा मोठा दिवा असला, तर बिचारी हॉटेलकडे निघतात.

पाहुण्यांचे मात्र कधी कधी फार होते. गेल्या साली एकाने पिलू उचलले, तळहातावर ठेवले आणि बायकोला म्हणाला, "काढ फोटो." मी म्हटले, "साहेब, त्याला चालू द्या. त्याचा पहिलाच दिवस आहे." साहेब रागावले. रागावू देत. हजार पिलांतून एखादेच मोठे होते असे म्हणतात. त्याच्या वाटेत आधीच खेकडे आहेत, घारी आहेत, मासे आहेत. त्यात साहेबांचा फोटो कशाला?

आपल्यापैकी पुष्कळजण मासेमारीला जातात. त्यांना एक सांगायचे आहे. कासव हवेत श्वास घेते. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले तर गुदमरून मरते. जाळे कापून सोडावे तर जाळ्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी २०१८ सालापासून सरकारची योजना आहे. संरक्षित प्राणी सोडताना जाळे फाटले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो लागतो आणि अर्ज लागतो. अर्ज भरून द्यायला मी तयार आहे. घरी या.

आता मुख्य गोष्ट सांगते. ही मी कागदावर लिहून आणलेली नाही.

२०२३ सालची गोष्ट. आमची वही पुतण्या लिहीत असे. त्याची परीक्षा जवळ आली म्हणून तो जानेवारीच्या शेवटी मुंबईला गेला. पाट्या दवाने पुसट झाल्या होत्या. मी नवीन शिकलेली, मला उत्साह. मी म्हटले, मी रंगवते. ऑइलपेंट आणला, वहीत पाहून सगळ्या पाट्या नव्याने लिहिल्या. सात नंबरच्या खड्ड्यात अंडी होती १०४. वहीत तारीख होती १२ जानेवारी. पाटीवर मी लिहिले २१.

तुम्हीही आकडे शिकता आहात. एक आणि दोन. दोन आणि एक. आगेमागे झाले. एवढेच झाले.

आम्ही पंचेचाळिसाव्या दिवशी खड्ड्यावर बांबूची टोपली पालथी घालतो. पिले बाहेर आली तर टोपलीखाली राहतात. मग सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायचे. पाटीप्रमाणे सात नंबरची टोपली ७ मार्चला घालायची होती. आधीची सहा घरटी उमलून गेली होती. आठ नंबर त्याच्याही पुढे. म्हणजे मध्ये काही काम नाही, असे मी सगळ्यांना सांगितले. आणि ते दिवस शिमग्याचे. ६ तारखेला रात्री होळी, ७ तारखेला धुळवड. पालखी गावात. चाकरमानी आलेले. त्या पहाटे पुळणीवर कुणी गेले नाही. मी सकाळी घरचे जेवण उरकून, टोपली घेऊन, अकरा वाजता गेले.

पिले पहाटेच बाहेर आली होती. कुंपणाची जाळी त्यांना ओलांडता आली नाही. समुद्राच्या बाजूच्या जाळीला लागून सगळी ओळीने पडली होती. तोंडे समुद्राकडे. ऊन चढले होते. वाळूवर पाय ठरत नव्हता. समुद्र तिथून दिसत होता.

मी ओरडले. पण ढोलांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? पदर ओला केला आणि हलत होती तेवढी पिले त्याखाली सावलीत ठेवली. अठ्ठ्याऐंशी बाहेर आली होती. संध्याकाळपर्यंत सव्वीस जगली. ती सोडली. बासष्ट मेली.

तात्या आले. त्यांनी पाटी पाहिली. त्यांना वाचता येत नव्हते. ते म्हणाले, "पाटी कुणी लिवली?" मी म्हटले, "मी लिवली, तात्या." ते काही बोलले नाहीत. बाजूला खड्डा केला, एकेक पिलू उचलून त्यात ठेवले, वाळू लोटली. मग म्हणाले, "मी जन्मभर काढली ती पोटासाठी काढली. ही कशापायी गेली?"

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

पुतण्या शिमग्याला आला होता. तो म्हणाला, "काकी, वहीत 'अंडी उमलली नाहीत' असे लिहून टाकू. कोण बघायला येते?" क्षणभर मलाही वाटले, लिहावे. सगळ्या गावापुढे नाव जाणार. शिकून काय केले, तर आकडा चुकवला, असे म्हणणार. पण तात्या ऐकत होते. ज्या माणसाने भर सभेत "मला सापडतात" असे सांगितले, त्याच्यासमोर खोटे कसे लिहायचे? मी पेन घेतले. "७ मार्च. खड्डा ७. पाटीवरची तारीख माझ्या हातून चुकली. ६२ पिले मेली. २६ सोडली." खाली सही केली. माझी ती पहिली सही, जिथे कुणी "इथे सही करा" म्हणून बोट दाखवले नव्हते. महिन्याअखेरीस वनखात्याच्या माणसाने वही वाचली. पान उलटले, पुन्हा मागे आणले. मग म्हणाला, "टोपली दोन-चार दिवस आधीच घालत जा." एवढेच.

पण मी जाणे सोडले. चार दिवस घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी पहाटे तात्यांनी दाराशी काठी आपटली. "चल. आठ नंबर हाय." मी म्हटले, "मी नाही येत. मी नाही लिहिणार आता." ते म्हणाले, "तू नाय लिवणार तर कोण लिवणार? मला येतंय?" मी गप्प. मग म्हणाले, "रोज सगळ्या पाट्या मला वाचून दाखवायच्या. मी ध्यानात ठेवतो. तू चुकलीस तर मी सांगेन."

तेव्हापासून आमची ही रीत आहे. पाटीवर तारीख आकड्यांतही लिहायची आणि अक्षरांतही. '१२', खाली 'बारा'. रोज पहाटे मी मोठ्याने वाचते आणि तात्या बोटांवर दिवस मोजतात. त्यांचा हिशेब चंद्रावरचा. अमावस्या, चतुर्थी, अष्टमी. माझा कॅलेंडरवरचा. दोन्ही जुळले तर पुढे जायचे. दोनदा जुळले नाही. दोन्ही वेळा चूक माझीच होती. पुढे वाचता वाचता तेही आकडे विचारू लागले. काठीनेच वाळूवर काढून पाहतात. एक ते एकतीस आता येतात. ५ मात्र अजून उलटा काढतात. तात्या, रागावू नका, वर्गात सगळ्यांचाच आधी उलटा येतो.

आणखी एक गोष्ट सांगते. ही ऐकून मला फार धीर आला.

ओडिशात, म्हणजे आपल्या देशाच्या पूर्वेच्या समुद्रावर, गहिरमाथा नावाचा किनारा आहे. तिथे ही कासवे हजारोंनी एकदम येतात. १८ मार्च २०२१ रोजी तिथे एका कासवीच्या वल्ह्याला धातूची बारीक पट्टी लावली. पट्टीवर नंबर होता ०३२३३. नंतर ती समुद्रात गेली. चार वर्षांनी, २७ जानेवारी २०२५ रोजी, एक कासवी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आली. तिथे रात्री काम करणाऱ्या माणसांना तिच्या वल्ह्यावर पट्टी दिसली. नंबर वाचला. ०३२३३! तीच ती. श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर आली, असा अंदाज आहे. तोवर जाणकार माणसेही म्हणत, पूर्वेची कासवे वेगळी, पश्चिमेची वेगळी. आम्हीही पाहुण्यांना सांगायचो, कासवी अंडी घालायला माहेरीच येते. हिने तर दोन्ही किनारी बिऱ्हाड केलेले! तिचे माहेर कोणते आणि सासर कोणते, देव जाणे. तिने गुहागरला १२० अंडी घातली. त्यांतून १०७ पिले आली.

मी हे ऐकले आणि मला पहिल्यांदा त्या नंबराचाच विचार आला. ओडिशात कुणीतरी तो वहीत नीट लिहिला असेल. तो माणूस मराठी बोलत नसेल, त्याने गुहागर पाहिलेही नसेल. चार वर्षांनी इकडे कुणीतरी वाळूत बसून, त्या पट्टीवरचा नंबर एकेक अंक वाचला असेल. २३ चे ३२ केले असते, तर ती कासवी कुणालाच ओळखता आली नसती. रोजच्या पाट्या वाचताना मला हे आठवते. मग घाई होत नाही.

शेजारणी विचारतात, पगार नाही तर जातेस कशाला? त्यांना मी काही बोलत नाही. नुसती म्हणते, "एकदा ये." ज्या आल्या, त्यांतल्या दोघी परत आल्या. एक आज आमच्याबरोबर अंडी मोजते. दुसरी आली, पाहिले, म्हणाली, "छान आहे, पण झोप मोडते." तिचेही खरे आहे. झोप मोडतेच. कंबर दुखते. पायात काचा जातात, कारण पुळणीवर बाटल्या फोडणारे काही कमी नाहीत. थंडीत हात इतके गारठतात की वहीत अक्षर नीट उठत नाही. मागच्या वर्षी एक खड्डा आमच्या आधी कुत्र्यांनी गाठला. वाळूवर नुसती कवचे. त्या दिवशी कुणी कुणाशी बोलले नाही. घरी येऊन भाकऱ्या केल्या.

यंदा आमच्याकडे माणसे कमी आहेत. पुतण्याला नोकरी लागली. तात्यांचे गुडघे धरतात. ते आता बनाच्या कडेपर्यंतच येतात, पुढे काठी माझ्या हातात देतात. वाळू सैल लागते म्हणजे कशी लागते, ते मला अजून दहांपैकी सहा वेळाच कळते. वर्गातून दोघे जरी आले तरी पुष्कळ होईल. बायकांनी एकटे यायचे नाही, आम्ही तिघी मिळून देवळाजवळून निघतो. अंगात गडद रंगाचे कपडे घाला, पांढरे नको. बरोबर कुत्रा आणू नका. मोबाइल खिशात, दिवा बंद. चपला हातात घ्याव्या लागतील. ज्याला आकडे येतात त्याने वहीचे पान माझ्याबरोबर वाचून पाहायचे, ज्याला येत नाहीत त्याने बादली धरायची.

सोमवारी दोन नंबरचा पंचेचाळिसावा दिवस आहे. टोपली आम्ही शुक्रवारीच घालणार आहोत. पहाटे साडेचारला देवळाजवळ या. तात्या तिथे आधीच बसलेले असतात.